गाडी पाठवू नकोस

९ नोव्हेंबर

धाकट्या,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुझा निरोप कधीच मिळाला होता. उत्तर लिहायला रोज बसत होतो आणि रोज काहीतरी आड येत होतं. एक दिवस पेन सापडेना. पेन सापडलं त्या दिवशी दूध उतू गेलं. खरं सांगायचं तर वर आशीर्वाद लिहावा की नाही, इथेच माझं घोडं अडत होतं. नऊ वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. पण तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, वयाने लहान, तेव्हा आशीर्वाद. पुढचं वाचून परत करावासा वाटला तर कर.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर आपण दोघं दुसऱ्या मिनिटाला ओरडायला लागू आणि तुझी ताई शेजारीच बसलेली असते. तिचे कान शाबूत आहेत. कागदावर ओरडलं तर निदान तिला ऐकू जात नाही.

आता मुद्द्याचं. तू कळवलंस की तुमच्या शहरात अशा आजारी माणसांना सांभाळणारं एक घर आहे, तिथे तू ताईसाठी खाट अडवून ठेवली आहेस, एक डिसेंबरला सकाळी गाडी येईल, तिचे कपडे भरून ठेवा. माझं उत्तर नाही असं आहे. गाडी पाठवू नकोस. मी कपडे भरणार नाही. ती काही इस्त्रीचं गाठोडं नाही, माणूस दारात आला आणि उचलून हातात दिलं.

इकडे सगळं ठीक आहे. ती जेवते, झोपते, मला घालूनपाडून बोलते. ती माणसं ओळखत नाही असं तुला ज्याने सांगितलं त्याला म्हणावं, येऊन बघ. तुझा आवाज ऐकला की ती तू शाळेत कुणाच्या दप्तरात बेडूक घातला होतास तेसुद्धा सांगेल, वर्गासकट. तिला अल्झायमर आहे हे खरं. पण ह्या आजाराची एकच जात नसते, हे मलाही हल्लीच कळलं. आपण समजतो, अल्झायमर म्हणजे विसरणं. हिचं तसं नाही. हिची आठवण अजून माझ्यापेक्षा बरी आहे. हिचं बघणं बिघडलंय. डोळे नाही, बघणं.

हे समजायला मला दोन वर्षं लागली आणि तीसुद्धा माझ्या धंद्यामुळे. तुला माहीत आहे, सगळा जन्म मी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासण्यात घालवला. पुढे गिऱ्हाईक, मागे मी आणि घासायचं चाक. त्यामुळे कुणाला दिसत नाही म्हटलं की मला एकच गोष्ट सुचते. ताई टेलरमास्तरांकडची काजं-बटणं घरी आणून करायची ना, त्यांच्याकडून शर्ट परत यायला लागले. काज एका उंचीला, बटण दुसऱ्या. मास्तर भला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनींना चाळीशी बदलून द्या." मी त्याच आठवड्यात बदलून दिली. मग ती चहा कपाच्या बाहेर ओतायला लागली. मी दुसरा चष्मा केला. मग जिन्याच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी हवेत चाचपायला लागली. तिसरा केला. दुकानात नंबर काढणारा मला सांगत होता, "अहो, नंबर तोच आहे, हललेला नाही." मी त्याला म्हटलं, तुझं मशीन हललंय.

एकदा त्याने तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. तिने सगळ्यात खालची बारीक ओळ घडाघडा वाचली आणि सगळ्यात वरचं हाताएवढं अक्षर तिला सापडेना. "कुठलं मोठं? इथे कुठे आहे मोठं?" मी वैतागलो. मला वाटलं, चारचौघांत माझी चेष्टा करते आहे. घरी येईपर्यंत बोललो नाही तिच्याशी. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन चौथा चष्मा घासायला घेतला. पाचवासुद्धा केला. पाच चष्मे, सगळे एका नंबरचे. मी कशाला केले म्हणून विचारू नकोस. मला दुसरं येतं काय?

जरा थांब, गॅस बघून येतो.

बंद होता.

तर ह्या आजाराचं कारण. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तू तिला स्कूटरवर मागे बसवून पाण्याच्या टाकीपाशी वळण घेतलंस आणि तिला रस्त्यावर सांडलंस. फुटपाथच्या कडेवर डोकं. अर्धा दिवस शुद्ध नव्हती. तिथून हे आलंय. डोक्याला मार लागलेल्यांना पुढे हा आजार होण्याचा धोका असतो, हे मी एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी ऐकलं. तेव्हा ज्याने पाडलं त्याने आता उचलून न्यायची भाषा करू नये.

गाडी येत नाही एवढं लवकर कळव. नाहीतर एक तारखेला मी आतून कडी घालून बसेन.

भाऊजी


१६ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. तुझ्याच ओळी तुला परत लिहून दाखवतो, म्हणजे तुला कळेल त्या कशा लागतात. "भाऊजी, स्कूटरचं तुम्ही पंचवीस वर्षं ऐकवताय, मी ऐकून घेतलं. ताई तुमच्या घरात अख्खा हिवाळा भिंतीकडे तोंड करून पडली होती, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. आधी मन विझलं, मग मेंदू. ते कुणी विझवलं ते तुम्हाला माहीत आहे. गाडी एक तारखेला येईल."

तिला हल्ली ओळी वाचता येत नाहीत, अक्षरं उड्या मारतात म्हणते. म्हणून तुझं पत्र मी वाचून दाखवायला घेतलं आणि "भाऊजी" झाल्यावर घसा खाकरला. बाकीचं गाळलं. ती म्हणाली, "एवढंच? नुसतं भाऊजी म्हणायला त्याने तिकीट लावलं?"

आता माझं ऐक. तो हिवाळा मी विसरलेलो नाही. तू आलास, तिच्या केसांच्या जटा बघितल्यास आणि दारातूनच माझ्यावर तुटून पडलास. मी तिला मारलं होतं का? उपाशी ठेवलं होतं का? तिला काय झालं होतं ते मला कळत नव्हतं, तुला कळत नव्हतं, तिलाही सांगता येत नव्हतं. मी रोज कामाला जाताना तिच्या उशाशी जेवण झाकून ठेवायचो आणि आल्यावर तसंच झाकलेलं उचलायचो. लोकांना मी अशक्तपणा सांगितला. काय सांगायला हवं होतं? माझी बायको माझ्या घरात राहून उदास आहे, असं? लोक तुझ्यासारखेच बोलले असते.

गुरुवारी आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बाई तरुण आहेत, रस्त्यात भेटल्या असत्या तर मी पोरी म्हणून हाक मारली असती. मी मनाशी पक्कं करून गेलो होतो की त्यांच्याकडून स्कूटरचं एकदा लेखी घ्यायचं आणि तुझ्या तोंडावर मारायचं. त्यांनीच विचारलं, "पूर्वी कधी डोक्याला मार लागला होता?" मी ह्याचीच वाट बघत होतो. "हो तर! स्कूटरवरून पडली. हिचा भाऊ चालवत होता. लिहा, लिहून घ्या."

त्यांनी लिहिलं. तुझी ताई खाली मान घालून स्वेटरचं बटण चाचपत होती. पुढे त्यांनी विचारलं, "कधी नैराश्य? बरेच दिवस मन लागत नाही, उठवत नाही, असं काही?"

"छे," मी म्हटलं. "मधे थोडा अशक्तपणा होता, एवढंच."

"अहो, अशक्तपणा कसला?" ती म्हणाली. तिने मानसुद्धा वर केली नाही. "मी उदास होते. अख्खा हिवाळा. जेवण घशाखाली उतरत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. ह्यांनी केलं नव्हतं. कुणीच केलं नव्हतं. आलं होतं."

धाकट्या, नऊ वर्षं मी जे झाकलं ते तिने एका दमात टेबलावर मांडलं, आणि बाईंनी ते इतकं साधेपणाने लिहून घेतलं, जसं काही तिने आपलं वजन सांगितलं.

मग मी म्हटलं, "आता सांगा, ह्यातलं कशामुळे झालं? मारामुळे की उदासीमुळे?"

त्या म्हणाल्या, "काका, हा आजार वेगवेगळ्या वाटांनी येतो. कुणाची आधी आठवण जाते, कुणाचे शब्द, कुणाचा स्वभाव बदलतो. मावशींच्या मेंदूचा मागचा भाग आधी आकसलाय. डोळे निरोप नीट आणतात, तिथे तो उघडला जात नाही. आता उदासी आणि डोक्याचा मार. हजारो माणसं एकत्र तपासली तर ज्यांना ह्यातलं काही झालंय त्यांच्यात हा आजार थोडा जास्त दिसतो. ह्यातल्या कुठल्या वाटेशी उदासीचं नातं जास्त आणि कुठल्या वाटेशी माराचं, ते अजून उलगडतंय. आणि पुष्कळदा उदासी हे कारणच नसतं, आजाराचं पहिलं पाऊल असतं. तो आधी मनात शिरतो, बाकी सगळं मागून येतं. पण एका माणसाकडे बोट दाखवून, हिला अमक्यामुळेच झालं, असं कुणालाच सांगता येत नाही."

"मग एवढं मोठं मशीन कशाला? तिला त्या नळकांड्यात झोपवून एवढी ठकठक ऐकवलीत ती कशाला?"

"मशीन कुठे आकसलंय ते दाखवतं. का, ते नाही दाखवत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, तुम्हाला कारण हवंय की गुन्हेगार?"

मी म्हटलं, "दोन्ही एकच निघालं तर बरं पडेल." त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

तेव्हा लेखी काही मिळालं नाही. पण तुलाही मिळालेलं नाही, हे लक्षात ठेव. आधी मन मग मेंदू, हे जे तू ऐटीत लिहिलंस ते तुला कुठल्या डॉक्टराने सांगितलं ते नाव कळव. आणि माझं म्हणणं अजून तेच आहे. मनाचं कुणी बघितलंय? डोकं फुटलेलं सगळ्यांनी बघितलंय.

गाडी पाठवू नकोस.

भाऊजी


२१ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मी रोज टपालाच्या पेटीत हात घालून बघतो. काल तर आत कोळी होता.

अक्षर वाकडं येतंय, तिकडे लक्ष देऊ नकोस, पेन खराब आहे.

तुला काळजी असेल की मी तिला कसा सांभाळतो. उत्तम सांभाळतो. मी घरातलं सगळं बदलून टाकलंय. पांढऱ्या भिंतीवरचं पांढरं बटण तिला दिसत नाही, म्हणून दिव्याच्या बटणांभोवती लाल चिकटपट्टी लावली. पांढऱ्या ताटलीतला भात तिला दिसत नाही, म्हणून निळी ताटली आणली. ती म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर काचा बसवल्यात, आता घराला चष्मा लावताय." चुकतं कुठे? तेच करतोय.

आणि एक शोध लागलाय, तो तुला सांगायलाच हवा. डोळे मिटले की ती आपली पूर्वीसारखी होते. खरंच. परवा ब्लाउजची बटणं लावताना तिला बटण दिसत होतं ते एकीकडे आणि हात जात होता दुसरीकडे. रडकुंडीला आली. मग वैतागून तिने डोळे गच्च मिटले आणि सगळी बटणं खटाखट लावून मोकळी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे मी बघत राहिलो. मग मी तिला एक जुना शर्ट दिला, सुई ओवून दिली. धाकट्या, तिने डोळे मिटून काज केलं. बोटाने कापडाची कड मोजत, दोऱ्याची गाठ जिभेवर ओली करत. मास्तरांनी परत पाठवलं नसतं असं काज. पाची चष्मे मी फडताळात टाकले. सगळा जन्म ज्याने लोकांना चष्मे लावले त्याने आपल्या बायकोला सांगितलं की डोळे मिट. तुझ्या त्या खाटांच्या घरात हे कुणाला सुचेल? तिथे तिला भिंतीकडे बसवतील आणि टीव्ही लावतील.

आता एवढं लिहिल्यावर एक गोष्ट लपवली तर मला जेवण जायचं नाही. पेन खराब नाही. माझं मनगट मुरगळलंय.

मंगळवारी दुपारी मी खुर्चीत बसलो होतो. नुसता टेकलो होतो. डोळा लागला. जाग आली तर दार सताड उघडं आणि ही उंबऱ्याच्या आत उभी, कपाळावर घाम, दोन्ही हात चौकटीला. दाराबाहेर आमचं काळं पायपुसणं. तिला तिथे खड्डा दिसत होता. "पुढे विहीर आहे," ती म्हणाली. "मला मागेही वळता येत नाही हो, मागे काय आहे ते कळत नाही." किती वेळ उभी होती कोण जाणे. मी घाबरलो. समजावायचं सोडून मी तिचा हात धरून ओढला, "अगं पायपुसणं आहे ते!" तिने मला ढकललं आणि आम्ही दोघं त्या विहिरीवर आडवे झालो. तिला काही लागलं नाही, मी खाली होतो. तिचं डोकं माझ्या हातावर आपटलं, जमिनीवर नाही. ते मी बघितलं. पहिलं तेच बघितलं.

समोरच्या घरातली बाई धावत आली. तिने आम्हाला उठवलं आणि हळूच म्हणाली, "काका, तुमच्याकडे दुसरं कुणी नाही का?" मी म्हटलं, आहे, खूप आहेत. मग बाई गेल्यावर ताई म्हणाली, "कोण हो खूप?"

पायपुसणं मी त्याच दिवशी फेकून दिलं. आता हे वाचून तू म्हणशील, बघा, म्हणूनच गाडी पाठवतोय. म्हण. मी आधीच सांगतो, माझं उत्तर तेच आहे. माणूस पायपुसण्याला घाबरलं तर पायपुसणं घराबाहेर काढतात, माणसाला नाही.

भाऊजी


२७ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. तू लिहिलंस, "आता वाद नको. तुमच्या मनगटावर निभावलं, ताईच्या जिवावर बेतलं असतं. गाडी येईल, मी नसेन, ड्रायव्हरला सगळं सांगितलं आहे."

मी ते नेहमीसारखं गाळूनच वाचायला बसलो होतो. "ताईला नमस्कार," मी म्हटलं. "हवा थंड आहे. प्रकृतीची काळजी घ्या."

"गाळलंत," ती म्हणाली.

"काय गाळलं?"

"तुम्ही गाळता तेव्हा घसा खाकरता. चार वेळा खाकरलात. आता डोळे मिटून वाचून दाखवा म्हणणार नाही, उघडे ठेवूनच वाचा. सगळं."

मग मी सगळं वाचलं. आधीचंही आणून वाचलं, तुझं ते विझलेलं मन आणि सगळं. आणि वाचता वाचता मलाच चेव आला, मी माझं उत्तरही तोंडी ऐकवलं, स्कूटर, पाण्याची टाकी, फुटपाथची कड. ती ऐकून घेत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "स्कूटर मी चालवत होते."

मी म्हटलं, तुला नीट आठवत नसेल. बोललो आणि माझं मलाच कळलं, काय बोललो ते. आठवणीचं दुखणं तिला नाही, हे मीच तुला पहिल्या पत्रात ओरडून सांगितलं होतं.

"मला शिकायची होती," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणाला होतात. तुम्हाला धास्ती. तुम्हाला मी विळीवर बसले तरी धास्ती. म्हणून धाकट्याला गळ घातली. तो मागे बसला होता, वळ वळ म्हणून ओरडत होता. मी वळले ती जरा जास्तच वळले. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही त्याची गचांडी धरली होती आणि तो म्हणत होता, मीच चालवत होतो भाऊजी. मला बोलता येत नव्हतं. पुढे बोलायला लागले तेव्हा तो म्हणाला, ताई, राहू दे, मला चार शिव्या पडतील, तुला जन्मभर टोमणे पडतील."

धाकट्या, चार नाही पडल्या. पंचवीस वर्षं पडल्या. आणि ह्या महिन्यातही मी टपालाचा खर्च करून घातल्या.

मी तुझी माफी मागणार नाही. तू माझ्याशी खोटं बोललास. मला खरं सांगितलं असतंस तर मी तिला टोमणे मारले नसते असं मी म्हणत नाही, पण निदान खरे मारले असते. पण स्कूटर मी मागे घेतो. आजपासून ती पुन्हा काढणार नाही. आता तूही तो हिवाळा मागे घे. फिटंफाट.

हे मी तिला मोठ्याने सांगितलं, मला वाटलं तिला बरं वाटेल. ती भडकली. इतकी भडकलेली मी तिला बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती.

"फिटंफाट कसली करताय? डोकं माझं आहे! पडले मी. उदास मी झाले. आजार मला झालाय. आणि तुम्ही दोघं बांधावरून भांडल्यासारखे माझ्या डोक्याची वाटणी करताय, एवढं तुझ्यामुळे गेलं, एवढं माझ्यामुळे गेलं. उरलंय ते कुणी बघायचं? उरलंय ना अजून? का तेही तुम्हीच वाटून घेतलंत?"

मी म्हटलं, "उरलंय, उरलंय."

"मग लिहा धाकट्याला. मी सांगते तसंच लिहायचं, घसा खाकरायचा नाही."

आता खालचं तिचं आहे. माझा एकही शब्द नाही.

"धाकट्या, तुझ्या गाडीत मी बसणार नाही. मला ह्या घरातला प्रत्येक कोपरा डोळे मिटून माहीत आहे. तुझ्या त्या घरात मला पहिल्या दिवसापासून आंधळं व्हावं लागेल. पुढे कधी काही कळेनासं झालं तर तेव्हाचं तेव्हा बघा, मला विचारू नका, पण आत्ता मला कळतंय आणि मी नाही म्हणतेय. तुझ्या भाऊजींनी मला नऊ वर्षांपूर्वी विझवलं नाही. त्यांना विझवायला जमलं असतं तर पेटवायलाही जमलं असतं, ते कुठे जमलं? ते नुसते उशाशी ताटली झाकून ठेवायचे. रोज ठेवायचे. तू दारातूनच भांडून गेलास, तू पुन्हा आला नाहीस. ते मला जास्त लागलं. आता ये. तू त्या दिवसानंतर स्कूटरला हात लावला नाहीस हे मला माहीत आहे. ती विकली असशील तर कुणाची तरी मागून घे. मी चालवायला मागत नाही. मागे बसेन, डोळे मिटून. पाण्याच्या टाकीपाशी वळण घे. वळण आलं की मला पोटात कळतं, त्याला डोळे लागत नाहीत."

एवढं सांगून ती झोपली आहे. मी दोनदा श्वास बघून आलो.

आता माझं. तू ड्रायव्हरला सगळं सांगितलं आहेस, मला कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणून मीच सांगतो. एक तारखेला गाडी आली तर मी कडी काढणार नाही. पोलीस आणलेस तरी काढणार नाही. घाबरेन, पण काढणार नाही. पण धाकट्या, मी एकटा पुरत नाही. मला दुपारी झोप येते. समोरची बाई विचारते दुसरं कुणी नाही का, आणि मी खूप आहेत म्हणतो, आणि तुझी ताई विचारते कोण हो खूप. तुझी नोकरी संपली आहे, मुलं आपापल्या मार्गाला लागली आहेत, हे मी विचारून घेतलं आहे. मागची खोली रिकामी आहे. महिन्यातले पंधरा दिवस तू तिच्यापाशी जागा राहा, पंधरा दिवस मी. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, तिच्याशी बोल.

स्कूटरचं मला मुळीच पसंत नाही. पण मी नको म्हटलं त्याचं काय झालं ते मी आत्ताच ऐकलंय. तेव्हा नको म्हणत नाही. हेल्मेट दोन आण, चांगली आण, हनुवटीखाली पट्टा असलेली. तिचा पट्टा मी लावीन, तू लावायचा नाहीस. आणि मी टाकीपाशी उभा राहणार, कुणी काही म्हणो.

गाडी पाठवू नकोस. तू ये. दारात पायपुसणं नाही आता, पाय न पुसताच सरळ आत ये. येतोस का, आणि कुठल्या दिवशी, तेवढं लवकर कळव. मी पेटीपाशी खुर्ची टाकून बसलोय, ह्या वयात मला वाट बघणं झेपत नाही.

भाऊजी